पिकअपच्या क्रोमवर घरच्या घरी काळा रंग: आधी क्रोमखाली काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही गोव्यात पेडण्याकडे, समुद्रापासून जवळ राहता. पिकअप आता जुनी झाली आहे. पुढच्या जाळीचं आणि आरशांच्या कव्हरांचं क्रोम काही ठिकाणी पापुद्रे धरून सुटलंय, आणि मागच्या बंपरवर तांबूस ठिपके उठलेत. चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, हे सगळं घरीच मॅट काळं करायचं आहे. मित्र म्हणतो, सँडपेपर मार, हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचे दोन डबे आण, काम झालं. तुम्ही विचारताय की क्रोमवर रंग टिकतो का, आणि कुठला प्रायमर घ्यावा.

रंग टिकतो. मी गाड्या रंगवण्याच्या कामात केस पिकवलेत, आणि शाबूत क्रोमवर नीट बसवलेला रंग वर्षानुवर्षं राहिलेला पाहिला आहे. पण तुमची अडचण प्रायमरची नाही. रंग प्रायमरला धरतो, प्रायमर क्रोमला धरतो, आणि क्रोम खालच्या प्लास्टिकला किंवा लोखंडाला. तुमच्या गाडीत नेमका हा शेवटचा सांधा सुटायला लागलाय. वर कितीही महागडा प्रायमर मारा, खालचं क्रोमच उचललं गेलं तर ते प्रायमर आणि रंग दोन्ही सोबत घेऊन निघणार. म्हणून डबे आणण्याआधी प्रत्येक भागाचं क्रोम कशावर चढवलंय आणि किती घट्ट आहे, हे बघायला हवं.

आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात खरं क्रोमियम नावापुरतंच असतं. वरचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. चकाकी आणि संरक्षण येतं ते त्याच्या खालच्या निकेलमधून, आणि प्लास्टिकच्या भागात निकेलच्याही खाली तांबं असतं. हे सगळे थर मिळून माणसाच्या केसाहूनही पातळ भरतात. क्रोम स्वतः गंजत नाही. पण त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि चिरा असतात. खारा वारा तिथून आत शिरतो. लोखंडी बंपरवर हे मीठ-पाणी निकेलमधून खालच्या पोलादापर्यंत पोचलं की पोलाद वेगाने गंजू लागतं. एकाच ओल्या ठिकाणी निकेल आणि पोलाद एकत्र आले की गंज पोलादाच्या वाट्याला येतो, आणि छिद्र लहान असल्यामुळे तो पसरण्याऐवजी खोल जातो. वरून टाचणीच्या डोक्याएवढा दिसणारा तांबूस ठिपका आत बराच मोठा असतो तो यामुळे. प्लास्टिकवर गंज येत नाही, तिथे थर फुगतात आणि सुटतात, कधी कडेला हिरवट-पांढरी पूड दिसते.

आता ओळखायचं कसं? भाग काढून त्याची मागची बाजू बघा. प्लास्टिकचा असेल तर मागे बहुधा कोरलेल्या अक्षरांत एबीएस किंवा पीसी-एबीएस असं लिहिलेलं सापडतं. जाळी आणि आरशांची कव्हरं जवळपास नेहमी यातलीच असतात. साधं चुंबक घट्ट चिकटलं तर आत पोलाद आहे. खिडक्यांखालच्या पट्ट्या मात्र फसवतात. त्या स्टेनलेस स्टीलच्या असू शकतात, आणि ट्रिमसाठी वापरलं जाणारं काही स्टेनलेस चुंबकालाही चिकटतं. तिथे रंगावरून कळतं. क्रोमला निळसर झाक असते, स्टेनलेसला किंचित पिवळट. स्टेनलेस निघालं तर बरंच झालं, त्यात सुटण्यासारखा थरच नाही. आणखी एक प्रकार म्हणजे स्वस्त बाजारी कव्हरं. त्यांवर खरी प्लेटिंग नसते, चकचकीत फिल्म किंवा चंदेरी थर देऊन वर लॅकर मारलेलं असतं. मागे एका कोपऱ्यात कापसावर थोडं थिनर घेऊन पुसा. चंदेरी उतरून कापसावर आली तर तो भाग रंगवण्याच्या भानगडीत पडू नका, बदलून टाका.

घट्टपणा तपासायला कटरच्या पात्याने सुटलेल्या कडेखाली हलकेच उचकटून बघा. एक-दोन सेंटिमीटरवर थर अडला आणि पुढे निघेना, तर भाग वाचवता येईल. सरळ निघतच गेला, तर मी तो भाग रंगवत नाही. गिऱ्हाइकाला सांगतो की जुनी जाळी शोधा किंवा नवी आणा. हातात जाड मोजे हवेतच. प्लास्टिकवरून सुटलेल्या क्रोमची कड ब्लेडसारखी कापते. हातात घुसलेली ती किरची दिसत नाही, ठणकत मात्र राहते.

मित्राने सांगितलेल्या पद्धतीबद्दल बोलायचं तर पेपर मारायचा हे त्याचं बरोबर आहे. अडतं ते पेपर मारण्याआधी आणि नंतर. आधी धुणं. तुमच्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गाडीसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच सगळ्यात घाईत उरकतात. क्रोमवर मिठाचा न दिसणारा थर बसलेला असतो. तो तसाच ठेवून घासलात तर मीठ ओरखड्यांत भरतं. वरून रंग चढतो, पण कुठलाही रंग हवेतली ओल पूर्ण अडवत नाही. आत अडकलेलं मीठ रंगातून ती ओल खेचून घेतं आणि काही महिन्यांत फोड येतात. म्हणून भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी घेऊन मऊ ब्रशने कानाकोपऱ्यांतून दोनदा धुवा. शेवटचं पाणी गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, तसं तुमच्याकडे असेल तर नळाचं किंवा पागोळ्यांचं स्वच्छ पावसाचं पाणी वापरा.

धुवून सुकलं की तेलकटपणा काढायचा. इथे, तपासणीचा तो छोटा कोपरा सोडला तर, प्लास्टिकवर एनसी थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, एबीएस त्यात विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या किंवा रंगाच्या दुकानातलं वॅक्स-ग्रीस रिमूव्हर. एका फडक्याने लावायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. आपोआप सुकू दिलं तर तेल होतं तिथेच परत बसतं. सिलिकॉनचं डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायर शायनर त्या भागांवर कधी मारला असेल तर हे काम तीन-चार वेळा करा. सिलिकॉन उरलं की रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

मग घासणं. ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हाताने घासा. क्रोम अतिशय कठीण असतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. इथेच लोक कंटाळतात. उद्देश क्रोम काढणं हा नाही, चकाकी मारणं हा आहे. जाळीच्या खाचांत पेपर पोचत नाही, तिथे लाल किंवा राखाडी स्कफ पॅड वापरा. पुसून उजेडात तिरकं धरा. जिथे आरशासारखी चमक उरली आहे तिथूनच रंग पहिला सुटणार. कोरडं घासू नका. निकेलची धूळ फुफ्फुसांना वाईट, आणि काहींना अंगावर पुरळ उठतं. पाण्यात घासलं की ती उडत नाही.

सुटलेल्या जागी मोकळं क्रोम सगळं काढून टाका आणि उरलेल्या घट्ट थराची कड १८०, मग २४० आणि ३२० पेपरने उतरती करा. निकेलचा थर चिवट असतो, त्यामुळे कड पूर्ण सपाट होत नाही. बोटाला थोडी पायरी लागलीच तर घाबरू नका, ती पुढे प्रायमर-सरफेसरने, म्हणजे खाचा भरणाऱ्या जाड प्रायमरने, झाकता येते. लांबी, म्हणजे पुट्टी, मात्र थेट क्रोमवर कधी लावू नका. आधी प्रायमर, मग गरज पडली तर पातळ लांबी, आणि पुन्हा प्रायमर.

क्रोम रसायनाने पूर्ण उतरवायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. मीठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, ओतलं की क्रोम उतरतं हे खरं आहे. पण त्याचा धूर आणि त्यातून निघणारं क्रोमियम-निकेलचं हिरवं पाणी हे घरात हाताळायचं प्रकरण नाही. ते अंगणात ओतलं की तुमच्याच विहिरीच्या झऱ्याकडे जातं. बॅटरी चार्जर लावून उलट्या प्रवाहाने क्रोम काढण्याचे व्हिडिओ तर बघूच नका. त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तयार होतं, आणि त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

आता तुम्ही विचारलेला प्रायमर. तुमच्याकडे किंवा शेजारी कॉम्प्रेसर आणि गन असेल तर माझं उत्तर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, इपॉक्सी प्रायमर. घासलेल्या क्रोमवर, पोलादावर आणि निकेलवर तो सारखाच घट्ट बसतो आणि ओलही चांगली रोखतो. हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणात मोजून घाला, अंदाजाने नको. डब्यातलेच स्प्रे वापरायचे असतील तर सेल्फ-एच (self-etch) प्रायमर घ्या. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड धातूला हलकंसं खाऊन पकड देतं. या दोघांची सरमिसळ करू नका. एच प्रायमरवर इपॉक्सी मारलं तर खालचं ॲसिड इपॉक्सीच्या हार्डनरला नडतं आणि ते नीट सुकत नाही. आणि जिथे क्रोम निघून प्लास्टिक उघडं पडलंय तिथे आधी प्लास्टिक प्रायमर, म्हणजे ॲडहीजन प्रमोटर, याचा एक पातळ हात द्या. एच प्रायमर धातूसाठी बनवलेला असतो, उघड्या एबीएसवर त्याचा भरवसा नाही.

प्रायमर रात्रभर ठेवा, ४०० ते ६०० नंबरने पाण्यात हलकं घासा, आणि पूर्ण जाळी रंगवण्याआधी एका आरशाच्या कव्हरवर प्रयोग करा. रंग दोन दिवस सुकल्यावर मागच्या, न दिसणाऱ्या कडेला कटरने एक-दोन मिलिमीटर अंतरावर उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकोन पाडा, वर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंगाचे कारखानेही पकड अशीच तपासतात. चौकोन पट्टीबरोबर आले तर ते कुठून सुटले ते बघा. क्रोम दिसलं तर घासणं कमी पडलं. प्लास्टिक दिसलं तर क्रोमच सुटतंय, आणि तो भाग बदलण्यावाचून इलाज नाही. प्रायमर दिसला तर रंग आणि प्रायमर एकमेकांना मानवत नाहीत.

रंगाचे हात पातळ द्या. डबा दोन मिनिटं हलवा, २०-२५ सेंटिमीटरवर धरा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच संपवा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. दहा मिनिटांनी पुढचा. असे तीन-चार. मॅट रंगाला एक अडचण आहे. ओघळ आला तर तो घासून पॉलिश करून लपवता येत नाही, पॉलिश केलेली जागा चकाकते. म्हणून तुमच्या ठिकाणी मी सॅटिन काळा, म्हणजे मॅटपेक्षा किंचित चमक असलेला, घेतला असता. तो जवळपास मॅटसारखाच दिसतो आणि तांबडी धूळ त्यात कमी रुतते. वरून क्लिअर कोटही त्याच झाकेचा हवा. हार्डनर घालून मारायचं टू-के क्लिअर जास्त टिकाऊ खरं, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि तोंडाला फडकं किंवा साधा मास्क बांधून त्यापासून बचाव होत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आमच्यासारख्यांच्या वर्कशॉपमध्ये असतो, घरी नसतो. घरी डब्यातला साधा क्लिअर मारा आणि तो थोडा लवकर झिजेल हे मान्य करा.

आणि आता चवथ. तुम्हाला आवडणार नाही, पण आषाढ-श्रावणात फवारणी करू नका. हट्ट म्हणून नाही, हिशोब सांगतो. रंगाच्या कंपन्या साधारण असं सांगतात की हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, आणि रंगवायची वस्तू दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम असावी. जुलैत आपल्याकडे २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू २५ अंशांच्या वर असतो. म्हणजे फरक दोन अंशांचाही नाही. त्यात स्प्रेमधलं थिनर उडताना भाग आणखी गार होतो, आणि ओल्या रंगावर न दिसणारं दव पडतं. काळा रंग पांढुरका होतो तो यामुळे. वरचा पांढुरकेपणा कधी निघतो, पण प्रायमरच्या खाली अडकलेली ओल निघत नाही. डिसेंबरच्या दुपारी ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर हाच फरक अकरा-बारा अंशांचा होतो. तेव्हा तोच डबा, तोच हात, पण काम वेगळंच उतरतं. फक्त थंडीत सकाळचं दव उतरल्यावर, दहा-अकरानंतर सुरू करा आणि चारच्या आत आटपा.

एसी लावून बंद खोलीत मारतो, असं म्हणाल तर तेही नको. स्प्रेची वाफ पेट घेते. घरात समई असते, गॅस असतो, फ्रिजची ठिणगी असते. पडवी किंवा मोकळी शेड, वारा मंद, जमिनीवर धूळ बसवायला पाण्याचा शिडकावा, आणि सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूसवाला मास्क, एवढं पुरे. डबे गाडीच्या केबिनमध्ये ठेवू नका. उन्हात बंद केबिन सहज ५० अंशांच्या वर जाते आणि डब्यावर तीच मर्यादा छापलेली असते.

पावसाळ्यात हात बांधून बसायचीही गरज नाही. जाळी आणि कव्हरं काढणं, धुणं, सुटलेलं क्रोम उचकटणं आणि प्लास्टिकचे भाग घासणं हे सगळं आता करता येतं. घासलेले भाग कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि फवारणीच्या दिवशी अल्कोहोलने पुन्हा पुसा. जाळी काढून ठेवून गाडी चालवू नका, मागे रेडिएटर उघडा पडतो. म्हणून जाळीचा नंबर शेवटी. बंपर मात्र आता घासू नका. उघडं पोलाद या हवेत रात्रीतून तांबूस होतं. पाऊस ओसरला की पंधरा दिवसांत सगळं बसतं. दसऱ्याला गाडीची पूजा होईल तोवर उघडीप मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर दिवाळी. चवथीला पाहुणे यायच्या आधी गाडी बरी दिसावी एवढंच असेल तर क्रोम धुऊन कोरडं करा आणि वॅक्स चोळा. रंगवायच्या आधी ते वॅक्स काढावं लागेल, पण तेवढी मेहनत परवडते.

मागच्या बंपरबद्दल माझं मत वेगळं आहे. तो घरी रंगवूच नका. पिकअपच्या मागच्या बंपरवर माणसं पाय देऊन चढतात, नारळाची पोती आणि माशांचे क्रेट घासतात. त्यात खाली खड्डे पडलेला गंज. गंजलेल्या क्रोमवर मारलेला कुठलाही रंग तिथे दोन पावसाळे काढणार नाही. तो उतरवून ब्लास्टिंगवाल्याकडे द्या, क्रोम आणि गंज दोन्ही जाऊ दे, आणि वर झिंकयुक्त प्रायमर देऊन पावडर कोटिंग करून घ्या. औद्योगिक वसाहतींच्या आसपास अशी कामं करणारे मिळतात. ही भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणून जाळी आणि कव्हरं चुकूनही त्यात देऊ नका, एबीएस त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून वाकडं होईल. बंपरवर पार्किंग सेन्सर असतील तर काढून ठेवायला सांगा, त्यांच्या तोंडावर जाड थर बसला की ते चुकीचे वाजतात. आणि रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडात चमकणारी, पट्टी झाकली जाता कामा नये. दाराच्या हँडलांचं क्रोम घट्ट असेल तर त्यांना हात लावू नका, नखं आणि घाम यांच्यापुढे घरचा रंग टिकत नाही. तिथे काळं व्हायनिल चिकटवा, खराब झालं की सोलून नवं लावता येतं. सुटलेल्या क्रोमवर मात्र व्हायनिलही नको, सोलताना ते क्रोम घेऊनच येईल.

आरसीवर जो रंग लिहिलेला असतो तो बॉडीचा. जाळी आणि पट्ट्या काळ्या केल्याने तो बदलत नाही, त्यामुळे त्यासाठी आरटीओत जायची गरज नाही.

रंग झाल्यावर भाग २४ तास हलवू नका, बसवल्यावर तीन आठवडे प्रेशर वॉशर मारू नका, आणि वॅक्स महिन्याभराने लावा. मॅट किंवा सॅटिन असेल तर साधं वॅक्स नको, ते चकाकी आणतं, त्या झाकेसाठी वेगळं मिळतं. नंतर दर आठवड्याला गोड्या पाण्याने जाळी आणि कव्हरं धुवा, विशेषतः कडा आणि क्लिपांच्या खाचा. दगड लागून टवका उडाला तर त्याच दिवशी काडेपेटीच्या काडीने प्रायमरचा आणि मग रंगाचा ठिपका द्या. आणि उद्याच्या उद्या एक काम करा, आरशाचं एक कव्हर काढून कड उचकटून बघा. ती अडते की निघत जाते, तेवढं मला कळवा, म्हणजे जाळी वाचवायची की नवी आणायची हे आताच ठरवता येईल.